व्हायनलचा टप उतरवताना: हीट गन, प्लॅस्टिकची पाती आणि गोंद काढणारी द्रावणे

जुन्या गाडीच्या टपावरचे व्हायनल, म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकचे आवरण, सोलून काढणे सोपे असते. त्याखाली उरलेला गोंद पत्र्याला इजा न होऊ देता काढणे हेच खरे काम असते, आणि साधने निवडताना बहुतेक जण नेमका याच टप्प्याचा विचार करत नाहीत. मिशिगनमध्ये माझ्याकडे असलेल्या 1970 च्या शेव्हरोले शेव्हेल मालिबूवरचे काळे व्हायनल मी अलीकडेच उतरवले. त्यासाठी वापरलेल्या साधनांचे आणि द्रावणांचे हे परीक्षण आहे. हे काम हातात घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांना त्याचा उपयोग व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

साधनांकडे वळण्याआधी हे आवरण कसे बसवलेले असते ते समजून घ्यायला हवे, कारण निवड त्यावरच अवलंबून आहे. 1962 मध्ये फोर्ड थंडरबर्डच्या लँडाउ आवृत्तीवर व्हायनलचा टप आला आणि पुढची दहा-पंधरा वर्षे अमेरिकेत त्याची चलती राहिली. 1969 मध्ये प्लिमथने तर फुलाफुलांच्या नक्षीचे व्हायनलसुद्धा दिले. उघड्या टपाच्या गाडीवरच्या कापडी छताचा भास निर्माण करणे हा मूळ हेतू होता. मागच्या बाजूने कापडाचे अस्तर असलेली पीव्हीसीची चादर, लांबीच्या दिशेने दोन शिवणी, आणि ती चादर पत्र्याला धरून ठेवणारा कॉन्टॅक्ट सिमेंटच्या जातीचा (दोन्ही पृष्ठभागांना लावून दाबून चिकटवायचा) गोंद, अशी ही रचना असते. कडा काचांच्या खाचेत मुडपून वरून चकचकीत धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि त्या पट्ट्यांच्या क्लिपा पत्र्यावर वेल्ड केलेल्या बारीक खुंट्यांवर अडकवलेल्या असतात. शिवण उसवली किंवा काचेजवळची कड सुटली की पाणी आत शिरते, अस्तरात मुरते आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तिथेच राहते. म्हणूनच वरून धडधाकट दिसणाऱ्या व्हायनलवर बारीक फोड दिसू लागले, तर खाली गंज धरला आहे असे समजावे.

उतरवण्याचा निर्णयही विचारपूर्वक घ्यावा. शेव्हरोलेच्या यादीत व्हायनल टपाचा पर्याय सी-08 या क्रमांकाने नोंदला जात असे. तुमच्या गाडीवर तो कारखान्यातूनच बसवलेला असेल आणि सुस्थितीत असेल, तर तो तसाच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या गाडीत मागच्या काचेखालून डिकीत पाणी उतरत होते, म्हणून दुसरा पर्याय उरला नव्हता.

हीट गनविषयी, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या साधनाविषयी, थोडक्यात सांगतो. बाजारात दोनच तापमाने देणाऱ्या स्वस्त गन मिळतात, आणि त्यांचे कमी तापमानसुद्धा साधारण 400 अंश सेल्सिअस असते. या कामाला ते फार जास्त आहे. पत्रा हाताला चांगला गरम लागेल इतकी ऊब मिळाली की व्हायनल मऊ पडते आणि गोंद सैल होतो. त्यापलीकडे तापवल्यास टपाचा रुंद, पातळ पत्रा लहरतो आणि जळू लागलेल्या पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइडचा घशाला झोंबणारा वायू सुटतो. म्हणून तापमान हळूहळू वाढवता येणारी गन घ्यावी, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. चादरीचे तळहाताएवढ्या रुंदीचे पट्टे कापावेत, मात्र पाते पत्र्यापर्यंत पोचू देऊ नये, आणि पट्टा वर न उचलता मागे दुमडून, टपाला जवळजवळ समांतर ओढावा. असे केले की अस्तरही बरोबर निघून येते. अस्तर मागे राहिले तर पुढचे काम दुप्पट होते.

खरवडण्यासाठी प्लॅस्टिकची पाती घेतली, आणि सगळ्या खरेदीत सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त समाधान त्यांनीच दिले. ती लवकर बोथट होतात, पण पत्र्यावर ओरखडा उठू देत नाहीत.

आता गोंदाकडे येऊ. पन्नास वर्षे जुना गोंद सगळीकडे सारखा नसतो. टपाच्या मध्यभागी, जिथे ऊन थेट पडते, तिथे तो वाळून ठिसूळ झालेला असतो आणि पात्याने भुग्यासारखा निघतो. कडांना आणि टपाला मागून आधार देणाऱ्या खांबांवर मात्र तो काकवीसारखा चिवट राहतो. या चिवट भागावर तारेचा ब्रश ड्रिलला लावून फिरवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो अजिबात पटत नाही. घर्षणाच्या उष्णतेने गोंद वितळतो, पत्र्यावर पसरतो, आणि ब्रश पत्र्याला पॉलिश करून ठेवतो, त्यामुळे प्रायमरला (रंगाआधीच्या पहिल्या थराला) धरायला खरखरीतपणा उरत नाही. पॉलिश पेपर तर काही क्षणांतच गोंदाने भरून निकामी होतो.

द्रावणांपैकी ॲसिटोन सर्वांत जलद विरघळवते, पण ते 56 अंशांनाच उकळणारे द्रव असल्यामुळे उघड्या टपावर टिकत नाही. गोंद मऊ होण्याआधीच उडून जाते. शिवाय शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स त्या काळात ॲक्रिलिक लॅकर या प्रकारचा रंग वापरत असे, आणि ॲसिटोनचा एक ओघळ दारावर गेला तरी तो लॅकर विरघळतो. संत्र्याच्या सालीतल्या तेलापासून बनवलेली द्रावणे संथ असतात, सपाट भागावर चांगली चालतात, पण मागे तेलकट थर ठेवतात आणि तो नीट पुसला नाही तर पुढचा रंग धरत नाही. या दोघांच्या मधली जागा थ्रीएम कंपनीच्या जनरल पर्पज ॲडहेसिव्ह क्लीनरने माझ्यासाठी उत्तम भरून काढली. हे क्लीनर हळू उडते, म्हणजे गोंदाला मुरायला वेळ देते. कापडाचे तुकडे त्यात भिजवून गोंदावर पसरावेत, वरून प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मग पात्याने एकाच दिशेने ढकलत न्यावे. चिवट भागावर हीच क्रिया पुन्हा करावी लागते, आणि त्यात घाई करून काहीही मिळत नाही. पक्क्या, सुकलेल्या रंगावर वापरण्यासाठी ते बनवलेले आहे, तरीही जुन्या लॅकरजवळ काम करताना आधी एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यात तपासून पाहावे, आणि दारे व मागचा भाग जाड प्लॅस्टिकने झाकावा. सपाट भागासाठी डब्यातले द्रव आणि खाचांसाठी स्प्रे, असे दोन्ही घेणे सोयीचे ठरले.

जुन्या पुस्तिकांमध्ये मिथिलीन क्लोराइडच्या रंगनाशकाची शिफारस आढळते. तिच्याकडे दुर्लक्ष करावे. त्याच्या विषारी वाफेने माणसे दगावली आहेत, आणि 2019 पासून अमेरिकेत रंग काढण्यासाठी ते ग्राहकांना विकण्यावर बंदी आहे.

सुरक्षिततेबाबत मी आग्रही आहे. द्रावणाचा डबा उघडण्यापूर्वी हीट गन बंद करून, पूर्ण थंड होऊ देऊन, खोलीबाहेर ठेवावी. ॲसिटोनची वाफ उणे 20 अंशांनाही पेट घेऊ शकते. निळे नायट्राइल हातमोजे ॲसिटोनपुढे टिकत नाहीत, त्यासाठी ब्यूटाइल रबराचे हातमोजे लागतात. धुळीचा साधा मास्क वाफेला अडवत नाही, म्हणून सेंद्रिय वाफेसाठीची काडतुसे असलेला मास्क घ्यावा. द्रावणात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत.

गोंद निघाल्यावर टपाचे खरे रूप दिसते. व्हायनल घालायच्या गाड्यांचा टप कारखान्यात बाकीच्या पत्र्याइतका काळजीने घासला जात नसे, कारण तो झाकलाच जाणार होता. टप आणि मागचा पत्रा जिथे जुळतात, तिथला शिशाचा सांधा खडबडीत असू शकतो. तो कोरडा घासणे धोक्याचे आहे, कारण शिशाची धूळ श्वासातून शरीरात जाते. तिथे पाणी वापरून, बारीक धूळ अडवणारा मास्क लावूनच हात घालावा. मागच्या खांबांच्या तळाशी पट्टी धरणाऱ्या खुंट्या व्हायनल नसलेल्या टपाला नको असतात, म्हणून त्या कापून घासाव्या लागतात. मागच्या काचेच्या खाचेत माझ्या अपेक्षेप्रमाणे गंजाची भोके होती. वेल्डिंगसाठी मी पहिल्यांदा ज्या कार्यशाळेत गेलो, तिथे ती भोके पुट्टीने भरून देण्याचा प्रस्ताव आला. मी तो नाकारला, कारण पुट्टी ओल शोषते आणि खालचा गंज वाढतच राहतो. दुसऱ्या कारागिराने काच काढली, कुजलेला पत्रा कापला, नवा तुकडा लहान लहान टाके देत, पत्रा थंड होऊ देत जोडला, आणि दोन्ही बाजूंनी सांधा सील केला. संपूर्ण टपावर सँडब्लास्टिंग, म्हणजे जोरात वाळूचा मारा, करण्याची माझी कल्पनाही त्याने खोडून काढली, आणि ती खोडणे योग्यच होते: एवढा रुंद पत्रा त्या माऱ्याने वाकतो. त्याच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. उघडा पत्रा एक रात्रही तसा सोडू नये, म्हणून 80 नंबरच्या पेपरने घासून त्याच दिवशी दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर मारला.

महाराष्ट्रात ज्यांच्या जुन्या पद्मिनीवर किंवा ॲम्बेसेडरवर व्हायनल बसवलेले आहे, त्यांनाही हाच क्रम लागू पडेल. रंगाच्या दुकानात सहज मिळणारे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचे थिनर गोंद विरघळवते, पण आजूबाजूचा रंगही उचलते, त्यामुळे ते फक्त पूर्ण उघड्या पत्र्यावर वापरावे. मुंबईत किंवा कोकणात हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत उघड्या पत्र्यावर काही तासांतच तांबूस थर येतो. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत टप मोकळा करून लगेच एपॉक्सी मारून घ्यावा, आणि मागची काच परत बसवल्यावर, आतले अस्तर लावण्याआधी, नळीने पाणी सोडून डिकीत ओल येते का ते पाहावे.