क्रीमसाठी फरचं तेल की पाइनचं?

सूचिपर्णी झाडांच्या पानांची तेलं सरसकट एकसारखी धरू नयेत. सायबेरियन फरच्या तेलात बोर्निल ॲसिटेट हा सुगंधी घटक भरपूर असतो. त्यामुळे वास मऊ, गोडसर, ताज्या पानांचा येतो. स्कॉच पाइनच्या तेलात अल्फा-पाइनीन या दुसऱ्या सुगंधी घटकाचा जोर. वास कोरडा, राळेचा, आणि जास्त पडला की थेट फरशी पुसायच्या द्रवाची आठवण! चेहऱ्याच्या क्रीमसाठी म्हणूनच फर घ्यावं: १०० ग्रॅमला ०.२ ते ०.३ ग्रॅम पुरे, तेही मिश्रण ४० अंशांखाली आल्यावर. गरम मिश्रणात पाइनीनसारखे हलके घटक उडून जातात. पाइन अंगाच्या साबणात, देवदाराच्या तेलाबरोबर शोभतं. एकटं टिकत नाही.

खरा धोका दोन्हींत सारखाच. हवा लागली की टर्पीनांची, म्हणजे पाइनीनसारख्या सुगंधी घटकांची, ऑक्सिजनशी संयोग होऊन पेरॉक्साइडं बनतात आणि त्वचेला ॲलर्जी होते. इफ्राच्या (सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमानुसार पेरॉक्साइड लिटरमागे १० मिलिमोलपेक्षा कमी हवं. पुरवठादाराकडून त्या बॅचचा आकडा मागाच. ऑक्सिडेशन रोखणारं ०.१ टक्का बीएचटी किंवा टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) ताज्या तेलातच घालावं. आधी झालेलं ऑक्सिडेशन त्याने उलटत नाही. बाटली गडद, छोटी आणि काठोकाठ भरलेली ठेवा. तेल चिकट झालं किंवा टर्पेंटाइनसारखं उग्र झालं, तर टाकून द्या.