बेअरिंग नुसतं बदलायचं की हबसकट? आणि बसवणार कोण?

पुण्याच्या कात्रजच्या जुन्या घाटात डावीकडे वळताना गाडीची घुरघुर वाढते आणि उजवीकडे वळताना मावळते, तर बहुतेक उजव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं. वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो, म्हणून. इथवर निदान सोपं आहे. खरी पंचाईत बदलल्यानंतर होते. माझ्या हॅचबॅकचं मूळ बेअरिंग लाखभर किलोमीटर चाललं, नवं टाकलेलं पाच हजारांच्या आतच वाजायला लागलं. दुकानदार म्हणाला फिटिंग चुकलं, मेस्त्री म्हणाला माल डुप्लिकेट. दुसऱ्यांदा पैसे घालायच्या आधी मी सगळे पर्याय समोरासमोर मांडले. तुमचीही गाडी वाजत असेल तर उपयोग होईल.

हे सगळं दाबून बसवायच्या बेअरिंगबद्दल आहे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना तेच असतं. काही गाड्यांत हब (म्हणजे ज्यावर चाक लागतं तो फिरणारा भाग), बेअरिंग आणि चाकाचा वेग मोजणारा सेन्सर मिळून एकच युनिट येतं आणि ते बोल्टांनी लागतं. तुमचं तसं असेल तर दाबण्याचा प्रश्नच उरत नाही. युनिट महाग पडतं, पण चुकायला जागा कमी.

हातोडा की प्रेस

माझा कौल सरळ प्रेसला, म्हणजे ठोकण्याऐवजी सरळ, सारखा दाब देणाऱ्या यंत्राला, आणि याच मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे. बेअरिंगला दोन रिंगा असतात, बाहेरची आणि आतली, आणि मधे गोळ्या. बाहेरची रिंग नकलमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या जाड धातूच्या भागात, घट्ट बसते. आतली रिंग हबवर घट्ट बसते. नियम एकच: जी रिंग घट्ट बसवायची, जोर तिच्यावरच द्यायचा. नकलमध्ये दाबताना बाहेरच्या रिंगेवर. हब आत दाबताना आतल्या रिंगेला खालून आधार. हे उलटं झालं की सगळा जोर गोळ्यांमधून जातो.

माझं निकामी बेअरिंग मी उघडून पाहिलं. रिंगेच्या आरशासारख्या वाटेवर तिळाहूनही बारीक खळगे होते, एका ओळीत, दोन गोळ्यांमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर. वापराने झिजलेलं बेअरिंग असं दिसत नाही; त्याचे टवके एका जागी उडतात. हे खळगे घणाचे होते. म्हणजे गाडी गॅरेजच्या बाहेर पडली तेव्हाच बेअरिंग मेलेलं होतं, फक्त बोलायला त्याला पाच हजार किलोमीटर लागले.

कोपऱ्यावरच्या गॅरेजात प्रेस नसते म्हणून ते गॅरेज वाईट ठरत नाही. चांगला मेस्त्री नकल उतरवून प्रेसवाल्याकडे पाठवतो. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात अशी वर्कशॉप कमी नाहीत. काम एका दिवसाऐवजी दोन दिवसांवर जाईल, जाऊ द्या.

नुसतं बेअरिंग की हबसकट

जुना हब उपसताना आतल्या रिंगेच्या दोन भागांपैकी एक बरेचदा हबलाच चिकटून येतो. तो पुलरने (पकडून ओढून काढायच्या हत्याराने) निघतो किंवा ग्राइंडरने कापावा लागतो. ग्राइंडर जरा खाली घसरला की हबवर चरा पडतो आणि नवी रिंग त्या चऱ्यावर बसते. बेअरिंग बरेच दिवस वाजत ठेवून गाडी चालवली असेल तर हब गरम होऊन निळसर पडलेला असतो, कधी रिंग त्यावर फिरून तो झिजलेला असतो. अशा हबवर कितीही भारी बेअरिंग टाका, टिकणार नाही.

हब गुळगुळीत, रंग न बदललेला आणि चरा नसलेला असेल तर नुसतं बेअरिंग पुरतं. शंका आली तर हबसकट बदला. मजुरी तीच, फक्त सुट्या भागाचे पैसे वाढतात. नकलचं भोकही बघा. नवं बेअरिंग हाताने ढकलून आत गेलं तर भोक मोठं झालंय. तिथे पंचने ठिपके पाडून घट्ट करून देणारे भेटतील. नको म्हणा, नकल बदला.

ओरिजिनल की स्वस्त

स्वस्त बेअरिंगात पोलादाइतकीच सीलचीही बोंब असते. पावसाळ्यात तापलेला हब साचलेल्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सील कच्चं असेल तर पाणी आत ओढलं जातं. ग्रीसचा तपकिरी चिखल होतो. म्हणून नावाजलेलं बेअरिंग घ्या, बिलासकट. नाना पेठेत घेतलं तरी चालेल, मी दुसरं तिथूनच आणलं. एसकेएफ या बेअरिंग कंपनीचा कारखाना इथेच चिंचवडला आहे, म्हणून त्यांच्या नावाचा प्रत्येक डबा खरा असतो असं नाही. खरं-खोटं पडताळायला त्यांचं अॅप आहे, ते वापरा. पण नामी बेअरिंग घणाने ठोकण्यापेक्षा मधल्या दर्जाचं प्रेसवर बसलेलं जास्त टिकेल, हे मी ठामपणे सांगतो.

सर्व्हिस सेंटर की ओळखीचा मेस्त्री

पाटी बघून ठरवू नका, तीन गोष्टी विचारा. एक, एक्सल नट (चाकाच्या मधोमधचा मोठा नट) नवा लावणार का? बऱ्याच गाड्यांत हा नट ठोकून लॉक करायचा असतो, तसा जुना पुन्हा वापरायचा नसतो. दोन, टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना, आहे का? याच नटाने आतल्या रिंगेचे दोन्ही भाग एकमेकांना आवळून धरलेले असतात. नट फिरवायच्या गनने अंदाजे आवळलं की कुठे सैल, कुठे जास्त. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडाच हवा. तीन, नट पूर्ण आवळायच्या आधी गाडी चाकांवर उतरवणार नाही ना? रॅम्प रिकामा करायला नट हाताने फिरवून गाडी ढकलून बाजूला लावलेली मी पाहिली आहे. तेवढ्या चार हातांच्या अंतरात नवं बेअरिंग बिघडू शकतं. मी आता सरळ म्हणतो, "दादा, नट आवळल्याशिवाय चाक जमिनीला टेकवू नका." कोणी रागावलं नाही अजून.

एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत आणखी एक काळजी. अशा बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, ती सेन्सरकडेच यायला हवी. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि सुलटं करायला काढलं की नवं बेअरिंग वाया.

नकल उतरवली असेल तर काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या. न वाजणारं दुसऱ्या बाजूचं बेअरिंग "सोबत बदलून टाकू" म्हणून बदलू नका. कारखान्यात नीट बसलेलं आहे, ते चालू द्या.