हलचा रंग आणि प्रायमर: नऊ महिने पाण्यात घातल्यानंतर

माझ्या मॉडेल बोटीच्या हलवर, म्हणजे मुख्य अंगावर, तिसऱ्या महिन्यात पाणरेषेच्या जरा खाली एक फोड दिसला, टाचणीच्या डोक्याएवढा. नखाने दाबला तर मऊ लागला. ब्लेडने चिरला तेव्हा लाल रंगाबरोबर खालचा राखाडी प्रायमरही (रंगाआधीचं अस्तर) सालीसारखा उचलून आला आणि आत बाल्साची, म्हणजे हलक्या मऊ लाकडाची, पट्टी काळपट, ओली. बोट पाण्याबाहेर काढून तेव्हा चार दिवस झाले होते.

बोट म्हणजे साधारण 70 सेंटिमीटरची टग, मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीचं मॉडेल. प्लायवूडच्या फ्रेम आणि त्यांवर बाल्साच्या पट्ट्या. पहिल्या वेळी मी लाकडाला सँडिंग सीलरचा (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) एक हात दिला, त्यावर स्प्रे कॅनमधला फिलर प्रायमर आणि त्यावर इनॅमल. दिसायला झकास. रंग कोणता घ्यायचा यावर मी दोन आठवडे घालवले होते आणि प्रायमर हाताला लागला तो उचलला. चूक नेमकी तिथेच झाली.

फिलर प्रायमर घासायला सोपा असतो, कारण त्यात बारीक भुकटी ठासून भरलेली असते. ओरखडे भरून काढायला तो उत्तम, पण पाणी अडवणं हे त्याचं काम नाही. पाणी पोहोचलं की तो ते धरून ठेवतो. पण वरचा रंग तर शाबूत होता, मग पाणी आलं कुठून? मी सगळे फोड पेन्सिलने गोल केले. अकरापैकी आठ मागच्या बाजूला, पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या नळीच्या आसपास. म्हणजे पाणी आतून येत होतं. नळीतून थेंब थेंब झिरपून मागच्या कप्प्यात साचायचं, आणि आतलं लाकूड मी कोरंच सोडलं होतं. बाहेरून कितीही चकाचक रंग द्या, आतून बाल्सा पाणी पीतच राहणार.

मग सगळं खरवडून लाकडापर्यंत आलो आणि हल दोन आठवडे वाळू दिला. आतून पातळ इपॉक्सीचे (दोन भाग कालवले की घट्ट होणारं रेझिन) दोन हात, बाहेरून चौरस मीटरला 25 ग्रॅम वजनाचं काचेचं तलम कापड इपॉक्सीत बसवून वर आणखी एक हात. आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सी जात नसेल तर हेअर ड्रायरने किंचित ऊब द्या, ते पाण्यासारखं पातळ होऊन शिरतं. फक्त गरम केल्यावर घट्टही लवकर होतं, तेव्हा थोडं थोडं कालवा. काही इपॉक्सींवर सुकल्यानंतर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुऊन काढायचा, मगच पॉलिश पेपर लावायचा. न धुता घासलंत तर तो मेणचटपणा सगळीकडे पसरतो आणि पुढचा थर धरत नाही.

या वेळी प्रायमर दोन भागांचा, इपॉक्सीचा घेतला. घासायला हट्टी आहे, हात दुखतात. पण पाणी अडवतो आणि इपॉक्सीवर घट्ट बसतो. दोन पातळ हात दिले, त्यावर काळ्या रंगाची अगदी विरळ धूळ उडवली आणि 400 नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासलं. जिथे काळं उरतं तिथे खड्डा. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या हलवर असे सहा खड्डे निघाले.

रंगात एकदा हात पोळला. कॅनवर स्पष्ट लिहिलं होतं, दुसरा हात एका तासाच्या आत द्या, नाहीतर 48 तासांनी. मी सहा तासांनी दिला. पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटांवर पडतात तशा सुरकुत्या पाच मिनिटांत सगळ्या हलवर. वरची कातडी सुकलेली आणि आत रंग अजून ओला. नव्या रंगातलं थिनर आत शिरून तो फुगवतं. लॅकर (कडक थिनरचा, झटपट सुकणारा रंग) आणि इनॅमलचंही असंच. सुकलेल्या लॅकरवर इनॅमल चालतं, इनॅमलवर लॅकर मारलंत तर बहुतेक वेळा रडाल. एखाद्या टाकाऊ तुकड्यावर आधी बघा.

खालचा भाग लोखंडी गंजाच्या लाल रंगाचा, वरचा काळा. गंजाचा लाल चांगला झाकतो, राखाडीवर दोन हातांत काम झालं. भडक लाल किंवा पिवळा लावणार असाल तर खाली पांढरा हवाच. पाणरेषा आखताना बोटीत बॅटरी आणि वजनं ठेवून टबात तरंगवली, पाणी जिथे टेकलं तिथे पुढे-मागे खूण केली, मग सपाट टेबलावर ठोकळ्याला पेन्सिल बांधून रेघ फिरवली. रेघेवर मास्किंग टेप लावून तिच्या कडेवर आधी टेपखालचाच रंग एकदा फवारला, म्हणजे टेपखाली शिरला तरी दिसत नाही. वर सॅटिन क्लिअर (मंद चमकीचा पारदर्शक थर), एका भागाचा. दोन भागांचा क्लिअर जास्त टिकाऊ असतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायनं असतात आणि कापडी मास्क त्यांच्यापुढे कुचकामी. घरच्या खोलीत मी तो प्रकार करणार नाही.

आता नव्या रंगाला सहा महिने झाले. फोड एकही नाही. स्टँडला घासून दोन ठिकाणी लकाकी गेली, तिथे फेल्ट चिकटवलं. कीलच्या (तळाच्या कण्याच्या) पुढच्या टोकाला दगड लागून रंग गेला आणि प्रायमर दिसतोय, लाकूड मात्र नाही. हे मला पुरे आहे.

तक्रार एकच, आणि ती माझ्याच निवडीची. काळा भाग एकदा तासभर उन्हात राहिला आणि कडेने पाहिलं तर पट्ट्यांच्या सांध्यांच्या रेघा वर उमटल्या. गडद रंग तापतो, खालचं इपॉक्सी मऊ होऊन आणखी थोडं बसतं. पांढऱ्यावर हे क्वचितच दिसेल.

फायबरग्लासचा तयार हल असेल तर यातलं निम्मं काम वाचतं. साच्याचं मेण पुसून काढा, 400 नंबरच्या पेपरने चमक घालवा, मगच प्रायमर. मेण राहिलं तर रंग माशाच्या डोळ्यांसारखे गोल सोडून पळतो. एबीएस प्लास्टिकचा हल असेल तर त्याला कडक थिनर लावू नका, प्लास्टिक वितळतं.

पुढच्या बोटीचा वरचा भाग पांढरा करायचा आहे. डबा आणून ठेवलाय, पण या वेळी इपॉक्सीला आणखी दहा दिवस देणार आहे.