ठाणे-तळोजा कारागृहांसाठी: विपश्यना की अंगोला?

ठाणे आणि तळोजा कारागृहांत बरेच बंदी कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेले, आहेत. आज आत, उद्या जामिनावर बाहेर. त्यांच्यासाठी विपश्यना या ध्यानपद्धतीचं छोटं शिबिर की अमेरिकेतल्या अंगोला तुरुंगासारखं दीर्घ प्रशिक्षण? माझ्या मते निवड इथेच ठरते.

अमेरिकेतल्या लुइझियानातील अंगोला तुरुंगात 1995 पासून ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा पदवी अभ्यासक्रम चालतो. पदवीधर बंदी इतरांना आधार देतात, मरणासन्न सोबत्यापाशी बसतात, दुसऱ्या तुरुंगांतही कामाला जातात. नेतृत्व म्हणतात ते हेच, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पण तिथे जन्मठेपेचे बंदी पुष्कळ. वर्षानुवर्षं शिकायला ते जागेवर असतात. शिवाय आपल्या बराकीत सगळ्या धर्मांची माणसं, तेव्हा एकाच धर्माचा वर्ग कसा चालेल?

विपश्यनेचं शिबिर दहा दिवसांचं. 1994 मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजाराहून अधिक बंदी एकत्र बसले होते. तुरुंग कर्मचारीही हे शिबिर करतात. शिपायाच्या मनावरचा ताण कुणी मोजतो का? अडचण जागेची: मौन पाळायला वेगळी बराक हवी.

मी विपश्यनेपासून सुरुवात करेन, आधी कर्मचाऱ्यांसाठी. शिक्षा झालेल्या बंद्यांसाठी मात्र अंगोलासारखं दीर्घ, सर्वधर्मीय प्रशिक्षण हवंच.