पेटीचा सौर कुकर: वरणभातासाठी उत्तम, पण गच्ची हवी

चार काळ्या डब्यांचा, दुहेरी काचेचा आणि झाकणाला आरसा असलेला हा कुकर गॅसची खरी बचत करतो, पण नीट मांडला तरच. सकाळी साडेनऊ-दहाला पेटी रिकामीच अर्धा तास उन्हात तापू द्यावी. आरशाचा कवडसा पूर्ण काचेवर पडायला हवा, अर्धा डब्यांवर नि अर्धा भिंतीवर गेला की डाळ बोटचेपी राहते. दर पाऊण तासाने पेटी सूर्याकडे फिरवावी.

तूरडाळ तासभर भिजवून घ्या. वाफ फारशी बाहेर जात नाही, म्हणून पाणी गॅसपेक्षा थोडं कमीच. कडक उन्हात भात दीड-दोन तासांत होतो, डाळीला थोडा जास्त वेळ लागतो. बटाटे तर पाणी न घालताही उकडतात. शेंगदाणे फार सुरेख भाजले जातात, करपत नाहीत! फोडणी, पोळी, तळण मात्र गॅसवरच.

मधेमधे काचेचं झाकण उघडून पाहणं ही सर्वांत मोठी चूक, कोंडलेली उष्णता क्षणात जाते. विकत घेताना या झाकणाचं रबर बोटाने दाबून पाहा. ते कडक किंवा सैल असेल तर कडेने वाफ निसटते. पेटी पावसात भिजू देऊ नका, पेटीच्या भिंतींतली, उष्णता आत कोंडून ठेवणारी काचलोकर ओली झाली की पेटी तापत नाही. जून ते सप्टेंबर ती घरातच ठेवावी लागते. सलग ऊन न मिळणाऱ्या फ्लॅटच्या बाल्कनीसाठी घेऊ नये.