माळावरच्या पाखरांसाठी: रंगवलेला सदरा की गोणपाटाची झूल?

पावसाळा सरत आला की दोघं-तिघं तरी हमखास विचारतात. सुप्याच्या गवताळ माळावर पाखरांच्या फोटोसाठी बसायचंय, त्यांच्या नजरेत न भरणारे कपडे घरीच करायचेत, तर मांजरपाट (साधं जाडं सुती कापड) रंगवून सदरा-पायजमा शिवावा की जाळीला गोणपाटाच्या चिंध्या बांधून झूल करावी? मी दोन्ही केलंय. झूल दोन हिवाळे वापरली, आणि सदऱ्याचा हा चौथा हिवाळा.

बाजारातल्या छापील कपड्यांत मी फारसा शिरत नाही. ते बहुतेक हिरव्या जंगलासाठी छापलेले असतात, आणि आपला माळ डिसेंबरात पार पिवळा पडलेला असतो. शिवाय लष्कराने २०२२च्या सेनादिनी दाखवलेल्या नव्या गणवेशाच्या नक्षीचं कापड तर घेऊच नये. ते आपल्यासाठी नाही, आणि आडरानात गावकऱ्यांनी हटकलं तर त्यांचं काही चुकत नाही.

आधी झुलीच्या बाजूने बोलतो, कारण धाविक, हा माळावर पळत फिरणारा पक्षी, मला तिनेच जवळून दाखवला. भिगवणहून आणलेली मासे धरायची जुनी जाळी, तिच्यावर वीतभर लांबीच्या गोणपाटाच्या पट्ट्या, मधूनमधून दोरा उसवून मोकळ्या सोडलेल्या. मान आणि खांदे यांची जी कमान असते ना, पाखराला माणूस कळतो तो तिच्यावरून, आणि झुलीत ती कमान पूर्ण मोडते. त्या दिवशी धाविकांची जोडी थोडं पळायची, थबकायची, पुन्हा पळायची. असं करत ती इतकी जवळ आली की लेन्सला फोकस घेता येईना. सदऱ्यात बसून एवढं जवळ कोणी आलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मग झूल का सोडली? कुसळांमुळे.

कुसळी गवत ज्याने हातात धरून पाहिलंय त्याला हे लगेच पटेल. बी सुईसारखं टोकदार, त्यावर मागे वळलेले बारीक ताठ केस, आणि मागे पिळाची लांब शेपटी. दव किंवा घाम लागला की तो पीळ सुटायला लागतो आणि बी गोल फिरत आत शिरतं. जमिनीत स्वतःला पेरून घ्यायची त्या गवताची ही युक्ती आहे, पण गोणपाटाची वीणही त्याला जमिनीसारखीच. पाऊस संपल्यावर कुसळं पिकतात, आणि आपण माळावर जातो ते नेमके त्याच दिवसांत. मेंढ्यांच्या लोकरीत ती कशी अडकतात हे धनगरांना विचारावं.

नोव्हेंबरातली एक सकाळ होती. पखुर्ड्या, म्हणजे माळावरचे कबुतरासारखे पक्षी, उन्हं चांगली वर आल्यावर पाण्यावर येतात, म्हणून अंधारातच जाऊन पडलो होतो. दवाने झूल ओली, जड झाली होती. पखुर्ड्यांचा थवा दोन घिरट्या घालून उतरला, पहिले दोन नर पाण्याकडे चालायला लागले, आणि कोपराखाली एक कुसळ पार कातडीत गेलं. हात अर्ध्या इंचाने हलला असेल. थवा उठला तो परत आलाच नाही. घरी आल्यावर मी आणि बायको दोन संध्याकाळी चिमटे घेऊन झूल निवडत बसलो होतो. गाठींच्या आत तुटून राहिलेली टोकं तरीही निघाली नाहीत, आणि पुढच्या खेपेला तीच आधी टोचली.

घट्ट विणीच्या मांजरपाटालाही कुसळं लागतात, नाही असं नाही. पण ती दिसतात, हाताने ओढली की अख्खी येतात, आणि घरी परतायच्या आधी दहा मिनिटांत सदरा साफ होतो. माझ्या अनुभवात पाखरं रंगापेक्षा हालचालीला जास्त बुजतात. ज्या कपड्यात तीन तास न हलता बसवतं तो कपडा, दिसायला थोडा उणा असला तरी, शेवटी जास्त फोटो देतो.

आता कापडाबद्दल, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. ही गोष्ट मला अमेरिकेतल्या टर्कीच्या शिकाऱ्यांकडून कळली. तिकडच्या रानटर्कीचं नाक यथातथा, पण नजर फार तेज, म्हणून ती मंडळी कपड्यांवर खूप विचार करतात. लाल, पांढरा आणि निळा रंग ते अंगावर येऊ देत नाहीत, कारण नराच्या डोक्यावर हेच रंग असतात आणि दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू शकते. आपल्याकडे १९७२च्या कायद्यापासून शिकार बंद आहे आणि आपल्या हातात कॅमेरा असतो, पण त्यांची एक काळजी आपल्यालाही लागू पडते. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यांत चार, आणि अनेक पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. धुण्याच्या पावडरीत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून जे चमक आणणारं द्रव्य असतं ते अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. नोटा तपासायची जांभळी टॉर्च मिळते, ती रात्री अंधारात कपड्यावर मारून बघा. पावडरीत धुतलेला खाकी शर्टसुद्धा निळा पेटतो. माझा मांजरपाटाचा सदरा काळाच राहतो, कारण कापड कोरं, म्हणजे गिरणीत पांढरं न केलेलं, घेतलं होतं आणि तो आजवर फक्त रिठ्याने धुतलाय. गोणपाटाचीही ही बाजू चांगली आहे, त्याला कोणी पावडर लावत नाही.

रंगवणं सोपं आहे, पण घाई नको. खळ जाईपर्यंत कापड गरम पाण्यात धुवायचं. हिरड्याच्या पुडीत रात्रभर भिजवलं की फिकट पिवळट होतं. मग डाळिंबाच्या सालींच्या उकळलेल्या पाण्यातून काढायचं, की वाळल्या गवताच्या जवळ जातं. बाभळीच्या सालीच्या पाण्याने तळहाताएवढे तपकिरी डाग द्यायचे. शेवटी हिराकशीचं, म्हणजे लोखंडाच्या क्षाराचं, पाणी स्पंजने थोड्या जागी टिपायचं. स्पंज लागतो तिथे पिवळा रंग डोळ्यांदेखत पाटीसारखा करडा होतो, मला तो क्षण दर वेळी आवडतो. हिराकस बादलीला एक चमचा पुरे. जास्त झाली तर लोखंडाने सूत कुजतं. माझा पहिला सदरा कोपरांवर एका हंगामात विरला तो त्यामुळेच. डाग बारीक ठेवू नका. बारीक डाग दहा पावलांवरून एकच रंग होऊन जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. उरलेल्या कापडातून तोंडाला फडकं आणि लेन्सला खोळ करा, कारण उघडा चेहरा आणि हात चांगल्या कपड्यालाही हरवतात.

झुलीबद्दल आणखी एक सांगायला हवं. मार्चमध्ये माळ चुलीच्या सरपणासारखा वाळलेला असतो आणि गोणपाट ठिणगीने पेटतं. जवळपास कोणी विडी ओढत असेल तर मला झुलीत बसवत नाही.

भिगवणला उजनी धरणाच्या काठाला चिखलात पालथं पडायचं असेल तर मात्र मी आजही झूल काढतो. तिथे कुसळं नाहीत, आणि ओल्या गोणपाटाचा रंग गाळाशी असा मिसळतो की सदऱ्याला ते जमणार नाही, म्हणून ज्यांचा हिवाळा भिगवणलाच जातो त्यांनी झूलच करावी. पण तुम्ही सुप्याचं विचारलंत, तर कापड आत्ताच घ्या. रंगवल्यावर चार-पाच धुणी आणि तेवढीच उन्हं खाल्ल्याशिवाय त्याचा नवेपणा जात नाही, आणि नवरात्रापर्यंत ते दोरीवर चढलेलं हवं.