बर्लिनमध्ये डॉइचलांड तिकीट: सतरा महिन्यांचा वापर आणि आई-बाबांचे सात आठवडे

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी डॉइचलांड तिकीट, म्हणजे जर्मनीभर चालणारं मासिक तिकीट, घेतलं तेव्हा महिन्याला ४९ युरो पडायचे. जानेवारी २०२५ मध्ये ५८ झाले आणि जानेवारी २०२६ पासून ६३. तीन भाव पाहून झाले, तरी मी ते सोडलेलं नाही. मात्र त्याची खरी किंमत मला कळली ती आई-बाबा सांगलीहून आले तेव्हा.

बाबा एसटीत कंडक्टर होते. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगायला लागलो, की या एका तिकिटात मेट्रो, लोकल, ट्राम, बस आणि देशभरातल्या प्रादेशिक गाड्या सगळं येतं. त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि आईला म्हणाले, "अगं, आपला 'आवडेल तेथे प्रवास' पास. फक्त चार-सात दिवसांऐवजी महिन्याचा." यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

पण तिकिटाआधी व्हिसा. आई-बाबांना बोलावणारे बरेच जण मला हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची) फी माणशी ९० युरो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आम्ही तीन महिने आधी पुण्यात केला, तेच बरं झालं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. खर्च मी करणार होतो, म्हणून इथल्या इमिग्रेशन कार्यालयातून अधिकृत हमीपत्र काढलं. त्याचे २९ युरो, आणि पगाराच्या पावत्या व घराचा करार दाखवावा लागतो. मूळ प्रत कुरियरने घरी पाठवली. अर्ज नीट भरा, कारण व्हिसा नाकारला गेला तर पूर्वीसारखं लेखी फेरविचार मागणं जुलै २०२५ पासून बंद झालंय. आता नवा अर्ज करायचा, नाहीतर कोर्टात जायचं.

व्हिसाच्या स्टिकरवर दोन गोष्टी असतात आणि त्यात गोंधळ होतोच: व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते, आणि आत किती दिवस राहता येईल ते. आमच्या स्टिकरवर तारखांमधलं अंतर जास्त होतं आणि दिवस ६० होते. दिवसच पाळायचे. आल्याचा आणि परतल्याचा, दोन्ही दिवस त्यात धरतात.

विमान फ्रँकफुर्टला बदलायचं होतं. त्यामुळे इमिग्रेशन तिथेच झालं, बर्लिनला नाही. शेंगेनच्या ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडतं तिथेच तपासणी, पुढचा प्रवास देशांतर्गत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर नवी संगणकीय नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. व्हिसाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे पडताळतात आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. रांग मोठी होती. दोन विमानांमध्ये साडेतीन तास ठेवले होते म्हणून निभावलं. दीड तासाचं अंतर असतं तर पुढचं विमान चुकलं असतं. ज्यांचे आई-वडील पहिल्यांदाच येतायत त्यांनी इथे पैसे वाचवू नयेत. परतीचं तिकीट, विमा आणि हमीपत्राची झेरॉक्स आईच्या हातातल्या पिशवीत दिली होती, चेक-इन केलेल्या बॅगेत नाही. विचारलं तेव्हा तिने तिथेच काढून दाखवलं.

ते २७ नोव्हेंबरला उतरले. बर्लिनचा विमानतळ शेनेफेल्डला, म्हणजे भाड्याच्या सी विभागात (ए आणि बी म्हणजे शहर, सी म्हणजे शहराबाहेरचा पट्टा). नुसतं एबीचं तिकीट घेऊन तिथून निघालात तर दंड ६० युरो. महिना संपायला चारच दिवस होते, म्हणून पहिल्या दिवशी त्यांची एबीसीची साधी तिकिटं घेतली, ४.७० युरोला एक. कागदी तिकीट फलाटावरच्या पेटीत घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर ते विनातिकीटच. बाबांनी दोन्ही तिकिटांवर स्वतः शिक्के मारले आणि तारीख-वेळ नीट उमटलीय का ते दिव्याखाली धरून पाहिलं. इथे ना फाटक, ना कंडक्टर. साध्या कपड्यातले तपासनीस अचानक डब्यात शिरतात.

डिसेंबर आणि जानेवारीसाठी दोघांचं डॉइचलांड तिकीट माझ्याच बँक खात्यावरून घेतलं. २०२५ च्या भावाने एबीची एक फेरी ३.८० युरो, म्हणजे सोळा फेऱ्यांत ५८ युरो वसूल. ते आठ-नऊ दिवसांतच झाले. ज्येष्ठांसाठी सवलत मात्र नाही. एसटीत अर्ध्या तिकिटाची सवय झालेल्या आईला ते पटलं नाही, आणि मलाही पटत नाही. तिकीट नावावर असतं, त्यामुळे सोबत पासपोर्ट ठेवावा लागतो.

जिथे ते तोकडं पडतं तेही सांगतो. आयसीई, आयसी, ईसी या जलद गाड्यांत ते चालत नाही. ड्रेस्डेनचा नाताळ बाजार १४३४ पासून भरतो, तो आईला दाखवायचा होता. जलद गाडीने दोन तास लागतात. आम्ही प्रादेशिक गाडीने, एल्स्टरवेर्डाला बदलून, जवळपास तीन तासांत गेलो. बाबांचा गुडघा लक्षात घेता तो दिवस जड गेला. पुन्हा नेलं तर जलद गाडीचं तिकीट काढेन. दुसरं दुखणं लिफ्टचं. प्रत्येक मेट्रो स्टेशनवर ती नाही, आणि आहे तिथे चालू असेलच असं नाही. एकदा दोन जिने उतरवून मी बाबांना अक्षरशः रडकुंडीला आणलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर आम्ही शक्य तिथे बसच पकडली. १०० नंबरची बस झू स्टेशन ते अलेक्झांडरप्लात्झ चौक अशी जाते. विजयस्तंभ, संसद भवन, सगळं खिडकीतून दिसतं. त्यासाठी टुरिस्ट बसचे पैसे कशाला घालवायचे?

तिसरी तक्रार विक्रीच्या ॲपची. हे तिकीट म्हणजे मासिक वर्गणी. महिनाअखेरीला थांबवायची तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावी लागते. आईचं झालं. बाबांचं मी ९ जानेवारीला रद्द केलं, ॲपने पोच दिली नाही, आणि फेब्रुवारीचे ६३ युरो कापले गेले. तेव्हा बाबा सांगलीत होते. रद्द केल्यावर ईमेल येईपर्यंत थांबा, नाही आली तर स्क्रीनशॉट ठेवा.

तरीही मी पाचपैकी चार तारे देतोय, ते रिंगमुळे. शहराभोवती गोल फिरणारी लोकल: एस ४१ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, एस ४२ उलटी, सुमारे ३७ किलोमीटर, एक फेरी तासाभराची. आम्ही वेडिंगला राहतो आणि आईची इथे झालेली मैत्रीण शेनेबेर्गला, दोन्ही स्टेशनं रिंगवर. आईला जर्मनचा एक शब्द येत नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की उतरायचं चुकलं तर बसून राहा, तासाने गाडी फिरून तिथेच येईल आणि तिकीट परत काढावं लागणार नाही. तिसऱ्या आठवड्यात ती एकटी गेली. शेनेबेर्ग चुकलं, ती बसून राहिली, पुढच्या फेरीला उतरली आणि चहाला तासभर उशिरा पोचली. फोनवर तिचा आवाज इतका खुशीत मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

एप्रिलअखेर बहीण पाच दिवसांसाठी येतेय. तिच्यासाठी मात्र हे तिकीट घेणार नाही. विमानतळावरून येण्या-जाण्यासाठी एबीसी आणि मधल्या दिवसांसाठी एबीची चोवीस तासांची तिकिटं तिला पुरतील.